होनरावकाकांची पंचविसावी चिठ्ठी

विजयकुमार होनराव या माणसाला चंदीगडमध्ये विजयकुमार म्हणून कोणीही ओळखत नाही. इथल्या लोकांनी आडनावातलं शेवटचं 'राव' तेवढं उचललं आणि त्याला 'साहब' जोडलं. भाजीवाला, एका आमदारबाईंचा ड्रायव्हर, समोरच्या घरातले निवृत्त कर्नल, सगळ्यांचे ते रावसाहब. मी त्यांना काका म्हणतो. मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि रात्री खाली त्यांच्याकडे जेवतो. दिवसा मोहालीतल्या एका कंपनीत संगणकासमोर बसतो. माझ्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

काका मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकवीस चंदीगडमध्ये. निवृत्तीनंतर शैलजाकाकूंना वाटलं, आता सोलापूरला परत जायचं. काका म्हणाले, "जाऊ की." ते 'जाऊ की' अजून चालूच आहे. मुलगी अपूर्वा इथेच वाढून, शिकून बंगळूरला गेली. ती आईवडिलांशी फोनवर हिंदीत बोलते आणि काका तिला मराठीत उत्तर देतात. दोघांचंही त्यात काही अडत नाही.

काकांचं एकच वेड, कागद. वाण्याची यादी असो की दवाखान्याची पावती, हातात आली की ते हिरवी पेन्सिल काढतात आणि एकेका ओळीपुढे टिक करत जातात. मी पहिल्या महिन्याचं भाडं मोबाइलवरून पाठवलं तेव्हा त्यांनी मला रीतसर पावती लिहून दिली होती. मी ती हरवली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी ती मागितली. तेव्हापासून मी पावत्या जपून ठेवतो.

असा माणूस आमदाराच्या नादी कसा लागला, हे सांगायला हवं. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सुखना तलावावर फिरायला जात. तिथे तेजवंत कौर नावाच्या बाईही येत. पूर्वी कॉलेजच्या प्राचार्य, आता पंजाब विधानसभेतल्या आमदार. मतदारसंघ मुल्लानपूरच्या पलीकडच्या गावांचा. एकदा काकांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "मॅडम, काल आपण भाषणात सांगितलेला आकडा तरतुदीचा होता. खर्च त्याच्या निम्मासुद्धा झालेला नाही." दुसरी एखादी असती तर पोलिसाला बोलावलं असतं. या बाईंनी विचारलं, "हे तुम्ही मला लिहून द्याल का?"

त्यातून चिठ्ठी सुरू झाली. दर तीन महिन्यांनी आमदारांनी आपल्या लोकांना लिहिलेली दोन पानं. सरकारने या भागात काय खर्च केलं, जमिनीच्या नोंदणीतून आणि दारूतून कर किती गोळा झाला, वीजबिलात गाईंच्या नावाने जो अधिभार कापतात तो भरूनही रस्त्यावर इतकी मोकाट गुरं का, कुठल्या गावची काय तक्रार आहे आणि तिचं पुढे काय झालं. काका हिंदीत लिहीत, मॅडमचे सचिव त्याचं पंजाबी करत, आणि पानं जुळवून सुबक करायचं काम फुकटात माझ्याकडे आलं. फुकटात म्हणजे शेंगाच्या चटणीवर.

आता चिठ्ठी म्हटल्यावर कोणालाही वाटेल की ती मोबाइलवर फिरत असेल आणि लोक न वाचताच पुढे ढकलत असतील. तशी ती फिरेच. पण तिचं खरं ठिकाण होतं गुरुद्वाऱ्याचा भोंगा. इकडच्या गावांत कोणाची म्हैस हरवली, कोण वारलं, पोलिओचा डोस कधी आहे, सगळं गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून सांगतात. मॅडमनी पहिल्याच वर्षी पायंडा पाडला की देसी महिन्याच्या पहिल्या दिवशी, संग्रांदीला, लोक गुरुद्वाऱ्यात जमतातच, तर सकाळचा पाठ संपला की चिठ्ठी वाचायची. चैत, हाड म्हणजे आषाढ, अस्सू म्हणजे आश्विन आणि पोह म्हणजे पौष, अशा वर्षातून चार संग्रांदी. अकरा गावांत एकाच सकाळी ती वाचली जाई. त्यामुळे काकांची वाक्यं छोटी झाली, कारण लांब वाक्यात ग्रंथींचा, म्हणजे गुरुद्वाऱ्यात पाठ वाचणाऱ्यांचा, श्वास पुरत नसे. खात्यात चौतीस वर्षं ज्या माणसाने 'तथापि' आणि 'यास्तव' यांशिवाय ओळ लिहिली नाही, त्याला गावच्या ग्रंथींनी सरळ लिहायला शिकवलं.

चिठ्ठीला किंमत होती ती एवढ्याचसाठी, की तिच्यात बढाई नसे. 'रस्त्यासाठी पैसे आले, रस्ता झाला नाही, कारण ठेकेदार पळाला,' असं त्यात सरळ लिहिलेलं असे. सचिवांना घाम फुटे. मॅडमना मात्र हे कळत होतं की तीन वाईट गोष्टी खऱ्या सांगितल्या की चौथ्या चांगल्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवतात. त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या, त्यात चिठ्ठीचा वाटा आहे असं त्यांचे विरोधकही म्हणत. काकांना स्वतःला मॅडमना मत देता येत नव्हतं. पंजाब आणि हरियाणा दोघांच्या विधानसभा चंदीगडमध्ये भरतात, पण चंदीगडचा माणूस दोन्हीकडे मतदार नाही. काकांना त्याचं दुःख नव्हतं. त्यांचं दुःख वेगळं होतं.

चिठ्ठीत त्यांचं नाव नव्हतं. कुठेच नव्हतं. दुसऱ्या वर्षी शैलजाकाकूंनी फारच टोचल्यावर त्यांनी सचिवांकडे विषय काढला, की खाली अगदी बारीक अक्षरात 'मसुदा : वि. होनराव' एवढं टाकता येईल का. सचिव म्हणाले, "रावसाहब, चिट्ठी मॅडम की है जी." काकांनी मान हलवली. घरी येऊन काकूंना म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सही ज्याची, पत्र त्याचं." त्या रात्री ते दोन भाकऱ्यांऐवजी एक जेवले, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

काकांच्या कामाची पद्धत ठरलेली होती. कागद असल्याशिवाय ओळ नाही. सचिवांनी तोंडी काही सांगितलं की ते हात पुढे करत, "कागद?" काम मंजूर झालं तर मंजुरीचा आदेश, पैसे आले तर त्याचं पत्र, काम झालं तर इंजिनिअरच्या सहीशिक्क्याचा पूर्णत्वाचा दाखला. ओळीपुढे हिरवी टिक झाली की ती ओळ पक्की. सहा वर्षांत त्यांनी एकदाही जाऊन काम पाहिलं नाही. तसं पाहायची त्यांना सवयच नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी पूल, धरणं, शाळा, दवाखाने सगळं तपासलं, ते एका टेबलावर. आपण त्याला हसू शकतो, पण त्यांच्या खात्यात यालाच प्रामाणिकपणा म्हणत. कागद सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस तिथे कच्चा समजला जाई.

तेविसाव्या चिठ्ठीत, म्हणजे अस्सूच्या संग्रांदीला, एक ओळ होती : 'निक्की माजरीच्या चोवरचा पूल पूर्ण झाला आहे.' चो म्हणजे शिवालिकच्या डोंगरातून उतरणारा ओढा. एरवी वाळू, वर पाऊस झाला की तासाभरात कमरेएवढं पाणी. निक्की माजरी त्याच्या पलीकडे, शाळा आणि दूध डेअरी अलीकडे. ओळीपुढे हिरवी टिक होती. दाखला होता, सही होती, शिक्का होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी काका मॅडमच्या मुल्लानपूरच्या कार्यालयात तक्रारी लिहून घेत बसले होते. पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं, त्यामुळे त्यात मीठमसाला नाही. सत्तरीच्या एक बाई आल्या. बंतो बीबी. निक्की माजरीच्या, चार म्हशी, रोज सकाळी दुधाची बरणी घेऊन डेअरीला येणाऱ्या. त्यांनी दोन कागद काकांपुढे ठेवले. एक, ती ओळ ऐकून त्यांनी केलेल्या तक्रारीवरचं सरकारी उत्तर : आपल्या गावच्या पुलाबाबतच्या तक्रारीसंदर्भात कळवण्यात येते की सदर काम पूर्ण असून तक्रार बंद करण्यात आली आहे. आणि पुरावा म्हणून जोडलेला दुसरा कागद होता काकांचीच तेविसावी चिठ्ठी. ती ओळ कोणीतरी पट्टी धरून अधोरेखित केली होती.

म्हणजे कचेरीच्या कागदावरून काकांनी ओळ लिहिली, आणि काकांच्या ओळीवरून कचेरीने तक्रार मिटवली. दोन्ही कागद एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि पूल नाही.

"पुल्ल कित्थे है?" बंतो बीबींनी विचारलं.

काकांनी फाइल काढून दाखला दाखवला. सही दाखवली, शिक्का दाखवला. बीबींनी तो कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"चल फेर," त्या म्हणाल्या. "एह कागज लै के चल. इहदे उत्तों लंघ के विखा."

चल तर मग, घे हा कागद, आणि याच्यावरून पलीकडे जाऊन दाखव. काकांनी उभ्या आयुष्यात बरेच आक्षेप लिहिले होते. असा आक्षेप त्यांच्यावर कोणी घेतला नव्हता.

शनिवारी मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला, धुकं, हाडं गोठवणारी थंडी. चोच्या दोन्ही काठांवर सिमेंटचे दोन जाड खांब उभे होते. मधे काही नाही. खांब उभे करून ठेकेदार निघून गेला होता आणि उरलेल्या कामाचे पैसे कचेरीत पडून होते. तिथला एक शिक्षक म्हणाला की काम पूर्ण दाखवल्यामुळे हे पैसे शिल्लक धरले जातील आणि एकतीस मार्चला परत जातील. मग पूल विसरा. शाळेची पोरं बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून येत होती. काकांनी खाली बसून बूटमोजे काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरले. मी ओरडलो, "काका, काय करताय!" ते पलीकडे गेले, खांबाला हात लावून परत आले. ओठ निळे पडले होते.

"खांब आहेत की," एवढंच म्हणाले.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधी सांगतो. त्यांनी त्याच संध्याकाळी कचेरीला फोन केला. कचेरीने अदबीने सांगितलं की मॅडम, काम पूर्ण आहे, आपल्याच चिठ्ठीत तसं आलंय. त्यांनी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर, अदब थोडी जास्त. फेब्रुवारी असाच गेला. आता एकच रस्ता उरला होता. चैतच्या संग्रांदीला, मार्चच्या मध्यावर, पंचविसावी चिठ्ठी निघणार होती. तिच्यात लिहायचं की तेविसाव्या चिठ्ठीतली ओळ खोटी होती. ते छापून अकरा गावांत वाचलं गेलं की कचेरीच्या हातातला पुरावा जातो, तक्रार पुन्हा उघडते आणि पैसे अडवून ठेवता येतात.

काकांनी मसुदा केला. दुरुस्ती पहिल्याच ओळीत. सचिवांनी ती खोडली. काकांनी परत लिहिली. सचिवांनी परत खोडली. शेवटी मॅडमनी बोलावलं. पानं जुळवायची म्हणून लॅपटॉप घेऊन मीही गेलो होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"रावसाहब," मॅडम म्हणाल्या, "निवडणूक जवळ आलीये. मी एक चूक मान्य केली की उद्या समोरचे मागच्या चोवीस चिठ्ठ्या घेऊन उभे राहतील. ये भी झूठ, वो भी झूठ. सहा वर्षांत जे कमावलं ते एका ओळीत जाईल. पुलाचं मी पुढच्या वर्षी बघते. मेरा वादा."

"पुढच्या वर्षी पैसे नसतील, मॅडम."

"मग नवे आणू."

काका म्हणाले, "चूक तुमची नाहीच. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, मी कागदावर. तसंच लिहा. माझं नाव घाला."

मॅडमनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली. हा माणूस स्वतःहून बकरा व्हायला तयार आहे, हे त्या दोघांना एकाच वेळी कळलं आणि दोघांनाही हायसं वाटलं. मला ते स्पष्ट दिसलं. मला दोघांचाही राग आला, आणि काकांचा सगळ्यात जास्त.

"पक्का?" मॅडमनी विचारलं.

"पक्का."

"लेकिन फिर," सचिव घसा साफ करत म्हणाले, "नुसतं नाव घालून चालणार नाही जी. लोक विचारतील, ज्याने चूक केली त्याचं काय केलं? कुछ ॲक्शन भी दिखाना पडेगा."

मॅडम टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या. त्या सचिवांना गप्प करतील असं मला वाटलं. त्यांनी केलं नाही.

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं. एक शब्द खोडून दुसरा घातला. ग्रंथींना श्वास पुरेल अशी वाक्यं केली. मग मला दिलं.

'निक्की माजरीचा पूल पूर्ण झाला असे आम्ही लिहिले होते. ते खोटे आहे. तिथे फक्त दोन खांब आहेत. ही चूक चिठ्ठी लिहिणारे विजयकुमार होनराव यांची आहे. त्यांनी पूल पाहिला नव्हता. त्यांना या कामातून काढून टाकले आहे.'

सचिव म्हणाले, "'काढून टाकले' जरा कडक वाटतं, रावसाहब. 'मुक्त केले' लिहूया."

"मुक्त केलं म्हणजे सत्कार केल्यासारखं वाटतं," काका म्हणाले. "राहू द्या."

घरी काकूंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "नाव आलं म्हणायचं एकदाचं." मग बराच वेळ मेथीची पानं आणि देठ एकाच भांड्यात टाकत राहिल्या. रात्री मी पानं जुळवायला बसलो तेव्हा रागाच्या भरात ते नाव ठळक करणार होतो, सगळ्यांना दिसू दे म्हणून. काका मागे उभे होते. "बाकीच्या अक्षरांएवढंच ठेव," म्हणाले.

संग्रांदीच्या सकाळी काका मला म्हणाले, "चल की, निक्की माजरीला ऐकून येऊ." मी म्हणालो, कशाला उगीच. पण गेलो. चोला पाणी घोट्याएवढंच होतं. गाडी अलीकडे लावून, बूट हातात घेऊन पलीकडे गेलो. गुरुद्वाऱ्याच्या अंगणात माणसं जमली होती, बायका एका बाजूला. पाठ संपला. भोंगा खरखरला आणि ग्रंथींनी चिठ्ठी वाचायला घेतली.

दोन खांबांचं ऐकून कोणीतरी मोठ्याने "सच्ची गल्ल", खरं आहे, म्हणालं. मग नाव आलं. ग्रंथींनी ते सावकाश वाचलं, दोन तुकडे करून, आणि भोंग्याने ते शेतांवरून लांबपर्यंत नेलं. काकांचं नाव या मतदारसंघात पहिल्यांदा ऐकू आलं ते हे.

आमच्या शेजारी फेटा बांधलेला एक तरुण उभा होता. त्याने काकांनाच विचारलं, "एह विजयकुमार कौण होया? पुल्ल वेखया नहीं ते लिख दित्ता? बडा निकम्मा बंदा."

"सी कोई," काका म्हणाले. होता कोणीतरी. "कड्ढ दित्ता."

"चंगा कीता," तो म्हणाला. बरं झालं काढलं.

बायकांच्या बाजूने बंतो बीबी आल्या. त्यांना रावसाहब माहीत होते, विजयकुमार नव्हते. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की तुम्ही मॅडमकडे आमचं गाऱ्हाणं नेलंत म्हणून आज हे वाचलं गेलं, आणि त्या निकम्म्यालाही बाहेरची वाट दाखवलीत. मी तोंड उघडणार होतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. "हांजी बीबीजी," ते म्हणाले. परत येताना पाण्यात त्यांचा पाय दोनदा घसरला. मी हात दिला, तो त्यांनी घेतला.

पैसे अडवले गेले. तक्रार पुन्हा उघडली, नवा ठेकेदार आला आणि मेच्या शेवटी पुलाचा स्लॅब टाकून झाला. काकांच्या जागी सचिवांनी पुतण्याला बसवलं. पुढची चिठ्ठी चार पानांची निघाली, मॅडमच्या रंगीत फोटोसकट. काकांनी ती वाचली आणि घडी करून ठेवून दिली. आकड्यांविषयी एक शब्द बोलले नाहीत.

जुलैत एकदा मॅडमचा ड्रायव्हर एक पाकीट देऊन गेला. आत निक्की माजरीच्या पुलाच्या पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत होती, सहीशिक्क्यासकट. सोबत चिठ्ठीचपाटी काही नव्हती. काकांनी मला विचारलं, "रविवारी गाडी मिळेल का?"

आम्ही गेलो तेव्हा चो भरून वाहत होता आणि पुलावर दोन म्हशी आणि एक ट्रॅक्टर उभा होता. काका अलीकडच्या टोकाला उभे राहिले, मग चालत पलीकडे गेले, तिथल्या कठड्याला हात लावून परत आले. मग खिशातून तो दाखला काढला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर सपाट केला, हिरवी पेन्सिल काढली आणि सहीच्या बाजूला टिक केली. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कागद परत खिशात ठेवून ते म्हणाले, "चल, काकू जेवायची थांबली असेल."